बिवलकरांचा अंधार

मागच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. डॉ. केशव बिवलकर गेले, त्यांच्यावर एक छोटी स्मरणिका काढतोय, तुम्ही त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलंत, तेव्हा पानभर आठवणी पाठवा. खाली पेनानं लिहिलं होतं, ‘शक्यतो हृद्य असाव्यात.’ मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. पानभर हृद्य काही निघेना. निघालं ते हे, आणि हे त्यांना पाठवण्यासारखं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, नाहीतर गप्प बसावं म्हणतात. बिवलकरांबद्दल गप्प बसण्याचा माझा कोटा त्या सहा वर्षांतच संपलेला आहे.

मुलुंडला शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या मागे एका ट्रस्टची दुमजली संशोधन संस्था होती. खाली उंदीर राहायचे, वर आम्ही. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. बिवलकर जीवरसायन विभागाचे प्रमुख आणि मी तंत्रसहाय्यक, तोही टेंपररी. उंदीर मारणं, त्याचं यकृत काढणं, नळ्या धुणं, बिघडलेलं यंत्र थापट्या मारून चालू करणं ही कामं माझी. त्यातून जे काही निघेल ते ‘शोधणं’ हे काम सरांचं.

त्यांच्या ॲप्रनवर मी एकदाही डाग पाहिला नाही. रोज घरून इस्त्री होऊन यायचा. आमच्या अंगावर रक्त, रंग, ग्रीस आणि चहा असे सगळे थर असायचे. सर मात्र आत्ताच पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखे. दोन्ही हात कायम ॲप्रनच्या खिशात. काही दाखवायचं झालं तरी हात बाहेर निघत नसत, हनुवटीनं दाखवत. हनुवटी डावीकडे म्हणजे ती बाटली आण. हनुवटी खाली म्हणजे हे पूस. हनुवटी वर म्हणजे संचालक येतायत, उभा राहा. सहा वर्षांत मी माणसाच्या हनुवटीचा जितका अभ्यास केला तितका मायटोकॉन्ड्रियाचा केला असता तर आज मीच डॉक्टर झालो असतो.

मालकीची त्यांना भारी हौस. कप, खुर्ची, टेबलफॅन, बर्फाचा डबा, कागदाला भोकं पाडायचं पंच, सगळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘के. बी.’ लिहिलेलं असायचं. लिहायचं काम प्यून गणपतकडे. तो म्हणायचा, “एक दिवस साहेब माझ्या पाठीवर पन लिवायला सांगनार. मंग मी घरी जाऊ का नको, ते पन त्यांनलाच इचारायचं.”

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतल्या चुली. उंदराच्या यकृतातून त्या बर्फावर, घाईघाईनं वेगळ्या काढायच्या आणि एका काचेच्या कुपीत सोडायच्या. तिथं त्या ऑक्सिजन ओढायला लागल्या की यंत्राची लेखणी कागदावर रेघ काढते. रेघ झरझर उतरली तर चुली पेटलेल्या आहेत. रेघ आडवी गेली तर राख. आता यात एक खास रंग मिसळायचा. हा रंग एरवी गरीब असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की मात्र तो खवळतो, आसपासच्या ऑक्सिजनला भडकवतो, आणि चुलीतली प्रोटीनं एकमेकांना चिकटून बसतात, उकडलेल्या अंड्यासारखी. असा रंग कॅन्सरच्या गाठीत भरून फक्त गाठीवर दिवा धरता आला तर गाठ मरेल आणि शेजारचं चांगलं मांस वाचेल, अशी जगभरच्या लोकांची आशा होती. सगळी भिस्त एका गोष्टीवर: अंधारात त्या रंगानं काहीही करता कामा नये. म्हणून प्रत्येक प्रयोगात दोन नळ्या. एक उजेडातली, एक अंधारातली. उजेड म्हणजे एका शाळेनं टाकून दिलेला स्लाइड प्रोजेक्टर. तो मी दुरुस्त केला होता आणि त्यावर ‘के. बी.’ लिहिलेलं होतं.

या रंगांवर सरांनी आयुष्य वाहिलं होतं असं स्मरणिकेत कुणीतरी लिहीलच. खरं म्हणजे त्यांना या रंगांची भीती वाटायची. चुकून बोटाला लागला आणि उन्हात गेलो तर आपली कातडी उकडेल, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यामुळे ते रंगाला हात लावत नसत, अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकत नसत, आणि बारा महिने छत्री वापरत. जानेवारीत, सकाळी साडेनऊच्या कोवळ्या उन्हात, संस्थेच्या फाटकातून काळी छत्री आत यायची, छत्रीखाली पांढरा ॲप्रन. छत्रीच्या मुठीवर अर्थातच दोन अक्षरं. “ऊन म्हणजे फुकटचा प्रोजेक्टर, मोहिते,” असं मला सांगत. ज्या माणसानं आयुष्यात तो रंग एकदाही हाताळला नाही तो त्याच्या भीतीनं छत्री घेऊन फिरत होता, आणि आम्ही कोपरापर्यंत निळे-गुलाबी झालेले हात घेऊन दुपारी मैदानात क्रिकेट खेळत होतो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “आकडा बोलतो, माणूस बरळतो.” कोणी ‘मला वाटतं’ म्हणालं की हे वाक्य तोंडावर फेकायचे. बाहेरून आलेल्यांवर त्याची छाप पडे. आम्हाला आतली गोष्ट माहीत होती. प्रयोग सुरू व्हायच्या आधी सर दारात उभे राहून सांगत, “साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास यायला हवं.” चाळीस आलं की हनुवटी डावीकडे, म्हणजे पुन्हा कर. पासष्ट आलं की ‘आता हात बसला तुझा’. आकडा बोलायचा खरा, पण सरांनी पढवल्यावर.

एकदा ट्रस्टचे शेटजी पाहुणे घेऊन आले. चहा आला, साखर संपलेली. सर शांतपणे म्हणाले, “मोहिते, आपली सुक्रोजची बाटली आण.” मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटू नयेत म्हणून आम्ही त्या साखरेच्या पाण्यात ठेवायचो, त्यासाठीची ती परदेशी, अतिशुद्ध साखर. सरांनी ती पाहुण्यांच्या कपात मला घालायला लावली आणि म्हणाले, “अशी साखर बाजारात मिळत नाही. आमच्या जर्मनीत हीच.” शेटजींनी मान डोलावत दोन कप घेतले. जर्मनीत सर दोन वर्षं होते. तिथले लोक चहात प्रयोगशाळेतली साखर घालतात यावर त्या दिवशी चार माणसांचा विश्वास बसला. पुढचा महिनाभर आम्हाला प्रयोगाला साखर नव्हती.

आणि तरी या माणसाला काही येत नव्हतं असं नाही. तसं असतं तर मी त्यांच्यावर इतका चिडलो नसतो. मी नवीन असताना एकदा उंदीर कापताना माझा हात थरथरला आणि यकृत फाटलं. दुसरा उंदीर घेतला, तोही हातातून निसटला. सर दारात होते. काय वाटलं कोण जाणे, आत आले, खिशातून हात काढले आणि कात्री घेतली. दहा सेकंद लागले असतील. यकृत अख्खं, गरम, बर्फाच्या वाटीत. मग काचेच्या नळीत तो दट्ट्या असा वरखाली फिरवला की फेसाचा एक बुडबुडा उठला नाही. त्या दिवशीची रेघ मी अजून विसरलेलो नाही. सरळ उतरलेली, थरथर नाही. मी बघतच राहिलो. सरांनी हात धुतले, पुसले, खिशात घातले, आणि सहा वर्षांत पुन्हा मला ते काम करताना दिसले नाहीत. असे हात देवानं मला दिले असते तर, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर वाटायचं, बरं झालं नाही दिले ते, खिशात घालून फिरणाऱ्याला दिले.

सुरुवातीला आम्ही गुलाबी रंगावर काम करत होतो. काळोखात चाचपडायला नको म्हणून सर स्वतः मुलुंड स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओतून दिवा घेऊन आले. काळ्या पत्र्याचा डबा, पुढं तांबडी काच. फोटोवाले डार्करूममध्ये लावतात तो. “तांबडा प्रकाश म्हणजे अंधारच,” सर म्हणाले, आणि गुलाबी रंगापुरतं ते बरोबर होतं. तो रंग तांबड्या प्रकाशाकडे ढुंकून बघत नाही. मी दिवा टेबलाच्या वर फूटभर अंतरावर टांगला. गणपतनं डब्यावर अक्षरं काढली.

सुनंदा गावकर आली ती याच सुमाराला. पीएच.डी.ची विद्यार्थिनी, भांडुपला राहणारी, मूळची मालवणकडची. तिचे वडील परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. ब्याऐंशीच्या संपात त्यांचा साचा सुटला तो सुटलाच. घरात तिची फेलोशिप यायची, त्यावर पाच माणसं. घाटकोपरच्या एका कॉलेजनं तिला लेक्चररची जागा देऊ केली होती, अट एकच: जूनच्या आत प्रबंध सादर झालेला हवा. म्हणजे त्या प्रबंधात नुसते उंदीर नव्हते, सगळं घर होतं, आणि हे सरांसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

ती अंधाऱ्या खोलीत माझ्यापेक्षा जलद काम करायची. त्याची तिची एक पद्धत होती. वडिलांनी घरी आणलेल्या गिरणीच्या सुताचं एक रीळ ती खिशात ठेवायची आणि प्रत्येक नळीच्या गळ्याशी सूत बांधून त्याला गाठी मारायची. एक गाठ म्हणजे नुसत्या मायटोकॉन्ड्रिया, दोन गाठी म्हणजे रंग घातलेल्या, तीन गाठी म्हणजे प्रोजेक्टरसमोर ठेवायच्या. गाठ साचेवाल्यांची, बर्फाच्या पाण्यात भिजली तरी सुटायची नाही. मी पहिल्यांदा हसलो तेव्हा म्हणाली, “हस तू. आमचे बाबा म्हनतत, गाठ हाताक कळाक व्हयी, डोळ्याक नाय.”

मग गुलाबी रंग मागे पडला आणि बाहेर सगळीकडे एका निळ्या रंगाचा बोलबाला झाला. त्याचं नाव इतकं लांब होतं की आम्ही त्याला नीळ म्हणायचो, कपड्यांना घालतात ती. आमच्याकडेही नीळ आली. दिवा तोच राहिला. तो बदलायला हवा असं कुणाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. खोलीत शिरायचं आणि तांबडा दिवा लावायचा याची हाताला सवय झालेली.

नीळ घातल्यावर उजेडातल्या नळीची रेघ आडवी झाली. ते ठीकच. पण अंधारातल्या नळीची रेघसुद्धा अर्धमेली. प्रोटीनं वेगळी करून पट्टे पाहिले, तर तिथंही चिकटलेल्यांचा गोळा. शहाणा माणूस म्हणाला असता, आपलं काहीतरी चुकतंय. बिवलकर म्हणाले, जग चुकतंय. निळीला प्रकाश लागतच नाही, ती अंधारातही मारते, हे आत्तापर्यंत कुणालाच दिसलं नाही आणि मुलुंडला दिसलं. पंधरा दिवसांत पेपर तयार. त्यात या गोष्टीला त्यांनी स्वतःच ‘बिवलकर परिणाम’ असं नाव दिलं. यंत्रांवर अक्षरं काढून झाली होती, आता निसर्गावर काढायची होती. पेपर गेला, पाठोपाठ दिल्लीच्या एका परिषदेचं आमंत्रण आलं.

त्याच आठवड्यात दिव्यातला बल्ब गेला. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता. सुनंदा कुणासाठी थांबणारी नव्हती. तिनं काळोखात, गाठी चाचपत, तीन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. टेबलावर तीन कागद पसरलेले. तिन्हींवर अंधारातल्या नळीची रेघ झरझर उतरलेली. निळीनं त्या नळीतल्या चुलींना काहीही केलेलं नव्हतं.

“नवीन बल्ब आणलास ना? लाव,” ती म्हणाली. मी लावला. तिनं तोच प्रयोग पुन्हा केला. रेघ अर्धमेली.

“आता बघ मोहिते. नीळ निळी का दिसते?”

“रंगच तसा आहे.”

“अरे, ती तांबडा उजेड खाते म्हणून. उरतो तो निळा आपल्याला दिसतो. आणि आपण तिला वीस मिनिटं तांबड्या दिव्याखाली बसवतो आणि म्हणतो अंधारात ठेवली. वाट लागली रे सगळ्याची. अंधारातली नळी आपल्याकडे नव्हतीच कधी.”

आम्ही दोघांनी मिळून अजून दोनदा केलं. दिवा लावून, दिवा न लावता. नळ्या मी स्वतः भरल्या, रेघा माझ्या डोळ्यांसमोर उतरल्या. यापेक्षा स्वच्छ गोष्ट मी त्या इमारतीत पाहिली नव्हती. ती कागद घेऊन सरांकडे गेली. मला वाटलं, ते वरमतील, फार तर ओरडतील, आणि दिवा काढतील.

दोन दिवसांनी संचालकांच्या खोलीत बोलावणं आलं. संचालक म्हातारे, सज्जन आणि रंगांतलं काहीही न कळणारे. सुनंदा कागदांच्या गुंडाळ्या छातीशी धरून उभी होती. सर खिशात हात घालून बसले होते. तिनं सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, “साहेब, आत्ता वर चला. अर्ध्या तासात दिवा काढून दाखवते.”

“संशोधन म्हणजे जादूचे प्रयोग नव्हेत,” सर म्हणाले. आवाज मऊ होता. “मुलगी कष्टाळू आहे, पण हाताला वळण नाही. नळ्यांना गिरणीचं सूत बांधते. सुताला खळ असते. ती बर्फात उतरते, नळीत उतरते आणि रंग शोषून घेते. रंगच उरला नाही तर रेघ चांगली येणारच. मी तिला आधी बोललो नाही, म्हटलं वाईट वाटेल.”

हे त्यांनी बसल्या जागी रचलं होतं. नळ्यांना बुचं असायची, सूत बाहेरून गळ्याला. पण संचालकांना ते कुठं माहीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मोहिते, तू रोज तिथं असतोस. त्या नळ्या अंधारात असतात ना?”

सरांची हनुवटी किंचित वर झाली. माझ्या कायम होण्याचा कागद महिनाभर त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. घरी बायकोला सातवा महिना होता. ही कारणं आहेत, आणि ती कुणाहीकडे असतात. सुनंदाकडे माझ्यापेक्षा जास्त होती.

“असतात, साहेब,” मी म्हणालो.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद नीट गुंडाळले आणि बाहेर गेली. सरांनी तिला दोन रस्ते दिले: अंधारातही मारते असं प्रबंधात लिही, नाहीतर सुताशिवाय वर्षभर सगळं नव्यानं कर. वर्षभर म्हणजे जून गेला, कॉलेज गेलं. पहिला रस्ता सोपा होता, एका ओळीचा. आठवडाभरानं तिनं सरांच्या टेबलावर खोलीची किल्ली आणि त्या कागदांच्या गुंडाळ्या ठेवल्या. म्हणाली, “जे झालं नाही ते लिहिणार नाही, सर.” गावाकडच्या एका शाळेत विज्ञानाला बाई हव्या होत्या, तिकडे गेली. निघताना अंधाऱ्या खोलीत आपली पिशवी घ्यायला आली तेव्हा मी तिथंच होतो. मी नळ्या धूत राहिलो. ती दारातून म्हणाली, “जाताना दिवा बंद कर रे, मोहिते.” सुताचं रीळ टेबलावरच राहिलं होतं.

त्याच महिन्यात मी कायम झालो.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी संस्थेत व्याख्यान ठेवलं, विषय अर्थात बिवलकर परिणाम. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून काही मंडळी आली होती. त्यांत सुती साडीतल्या, केस पिकलेल्या एक बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. स्लाइडा मी बदलत होतो. पाऊण तास सर बोलले, प्रश्न विचारा म्हणाले. बाई बसूनच म्हणाल्या, “काम करताना दिवा कुठला वापरता?”

“तांबडा, अर्थात. डार्करूमचा.”

“आणि रंग निळा.”

“हो, निळा.”

“बरं,” म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. काही क्षण कुणालाच काही कळलं नाही, मग मागे दोघं-तिघं हसले, मग अजून काही. सरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “मी त्याच मुद्द्याकडे येत होतो,” ते म्हणाले. “मोहिते, पुढची स्लाइड.” पुढची स्लाइड आभाराची होती. मी ती लावली.

कुणाला वाटेल इथं त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांचं नाक इतकं लेचंपेचं नव्हतं. वर्ष संपायच्या आत दुसरा पेपर आला: अत्यंत मंद तांबड्या प्रकाशातही निळीचा मायटोकॉन्ड्रियावर आणि त्यांतल्या प्रोटीनवर होणारा परिणाम. त्यातल्या दिवा असलेल्या आणि दिवा नसलेल्या रेघा सुनंदाच्या होत्या. बल्ब गेला त्या आठवड्यातल्या, मी ओळखतो. एका रेघेच्या वेळी टेबलाला माझा धक्का लागला होता, त्याचं टोक तसंच छापलं आहे. लेखक एकच. शेवटी आभार: श्री. मोहिते यांचे, तांत्रिक साहाय्याबद्दल. सुनंदाचं नाव कुठंच नाही. पेपर वाखाणला गेला, सरांना शाल मिळाली. सुनंदाच्या शाळेचा पत्ता माझ्याकडे होता. पेपर पाठवावा, निदान दोन ओळी लिहाव्यात असं अनेकदा मनात आलं. पाकीटसुद्धा आणलं होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये. ते निवृत्त झाले होते. मला अंधेरीच्या एका औषध कंपनीत चांगली जागा मिळत होती आणि अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची सही हवी होती. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर त्यांचं घर. दुपारचे दोन वाजलेले. दार त्यांनीच उघडलं. अंगात सदरा होता, ॲप्रन नाही, त्यामुळे हातांना जागा नव्हती; ते नुसते लोंबत होते. बसलो. कोपऱ्यात देवघर होतं आणि देवांवर तांबडा उजेड पडला होता. काळा पत्र्याचा डबा, तांबडी काच, दोन पांढरी अक्षरं.

“ओळखलास ना?” हनुवटी तिकडे गेली. “अजून चालतो. कधी बिघडला नाही.”

“एकदा बल्ब गेला होता, सर,” मी म्हणालो. मनातल्या मनात हे वाक्य मी तीन वर्षं घोळवलं होतं. त्यांना ते टोचेल अशी माझी कल्पना होती.

“गेला होता,” ते म्हणाले. “त्या आठवड्यातल्या तिच्या रेघा काय सुंदर होत्या. इतक्या चांगल्या रेघा मी जर्मनीतसुद्धा काढल्या नाहीत. बघितल्याबरोबर कळलं मला, दिव्याचा घोळ आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“पेपर गेला होता ना.” गाडी सुटली होती म्हणावं तसं म्हणाले. मग माझ्या हातातला कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. “आणि तुला कधी कळलं?”

“ट्रॉम्बेच्या बाईंनी विचारलं तेव्हा.”

ते हसले. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. “मोहिते, तुम्ही दोघांनी नळ्या भरल्या ते गणपतनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी संचालकांच्या खोलीत बसलो होतो तो तू काय म्हणतोस हे ऐकायला. तू ‘दिवा लावतो’ म्हणाला असतास तर मी काही करू शकलो नसतो. संपलं असतं सगळं. तू ‘असतात, साहेब’ म्हणालास आणि मी वर येऊन पहिली तुझ्या कागदावर सही केली. तसा माणूस हाताखाली लागतो.”

त्यांनी यात मला डिवचायचा प्रयत्न केला असता तर बरं झालं असतं. ते माझं कौतुक करत होते. सही त्यांनी माझ्याच पेनानं केली. ती सुरेख, न थरथरता आली. दाखल्यावर मीच टाइप करून आणलेलं वाक्य होतं, ‘प्रामाणिक व विश्वासू’. त्यांनी ते खोडलं नाही. मी ‘येतो, सर’ म्हणालो आणि वाकून नमस्कारसुद्धा केला, सवयीनं.

दारात ते म्हणाले, “थांब. ऊन फार आहे.” आत गेले आणि छत्री घेऊन आले. तीच. “घेऊन जा. मी हल्ली बाहेर पडत नाही.”

नको म्हणायला मला तोंड होतं, तरी घेतली. स्टेशन दहा मिनिटांवर होतं आणि उन्हाची मला कधी भीती वाटली नव्हती. कोपऱ्यावरून वळताना मागे पाहिलं तर ते अजून दारात उभे होते आणि हनुवटीनं मला खुणावत होते, उघड, उघड. मी छत्री उघडली. स्टेशनपर्यंत उघडीच धरली, मुठीवरची अक्षरं तळहाताखाली झाकून. ती अजून माझ्या घरी आहे.